रुमाल मोजला, बायको राहिली

मी तिकिटाला भोक पाडणारा एक जुना चिमटा आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. तुमची माझी मैत्री कधी झाली ते मला काही आठवत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला बघितलेलं नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी "काका, एकदा दाबू द्या ना" म्हणत माझा जीव खाल्ला. दाबा की. बोट मध्ये आलं तर सोडणार नाही. चावणं हाच माझा धंदा होता.

कुठल्या कारखान्यात घडलो, लोखंड कुठून आलं, हे सांगत बसत नाही. ऐकून तुम्ही काय दिवे लावणार आहात? दोन मुठी, मध्ये स्प्रिंग, टोकाला दात, एवढा मी. नेकनूरच्या विलास नावाच्या तरुण माणसाच्या हातात पडलो आणि त्याचाच झालो. विलास एसटीत कंडक्टर म्हणून नुकताच लागला होता. खाकी अंगावर चढली त्या दिवशी इस्त्री मोडू नये म्हणून त्याच्या आईने, जाईबाईने, त्याला उभ्यानेच जेवायला वाढलं. विहारापर्यंत जाताना वस्तीतली पोरं मागे लागली होती. तो मिरवत होता आणि त्याच्या खिशात मी मिरवत होतो.

लोकांना वाटतं, माझं काम भोक पाडण्याचं. ते तर दाभणही पाडतं. माझं खरं काम आवाजाचं. गाडीतली घंटीची दोरी सदा तुटलेली, म्हणून विलास मला लोखंडी दांडीवर आपटायचा. एकदा टक केलं की गाडी थांबायची. टक-टक केलं की निघायची. धारूरचा घाट असो नाहीतर घाटनांदूरचा बाजार, केवढ्याही मिशांचा ड्रायव्हर असो, माझं ऐकल्याशिवाय चाक हलायचं नाही. "इलास कंडक्टरचा चिमटा लई कडक हाय," असं लोक म्हणायचे. उगाच नाही म्हणायचे.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खरं आहे. विलास घरी आला तरी मी त्याच्या खिशातच. ओसरीच्या लोखंडी खांबावर एकदा टक केलं की पाणी यायचं. टक-टक केलं की त्याच्या बायकोने पायात चप्पल घालून निघायचं, मग बाजार असो, लग्न असो नाहीतर मयत. बायकोचं नाव वनिता. हे नाव मला शेजारणींकडून कळलं, कारण विलासने ते कधी उच्चारलंच नाही. गरजच काय होती? मी होतो ना.

वनिता मला सवत म्हणायची. "एक दिवस चुलीत घालीन ह्याला," असं तिने मला तोंडावर सांगितलेलं आहे. मलाही ती डोळ्यांसमोर नको असायची. लोकं आत्मवृत्तात गोड गोड सांगतात, मी नाही सांगणार. आमचं हाडवैर होतं.

पुढे तिकिटाचं मशीन आलं. कर्रर्र करून कागद ओकायचं, बस. माझे सगळे भाऊबंद भंगारात गेले. मला मात्र विलासने सोडलं नाही. गळ्यात मशीन, पण दांडीवर वाजवायला मीच. अशी बरीच वर्षं गेली आणि एक दिवस त्याला शाल, पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं. माझा सत्कार कुणी केला नाही. तुमच्याकडून ती अपेक्षाही नाही.

विलासची मुलगी चैताली धारूरला शाळेत शिकवते. तिने बापाला विचारलं, "पप्पा, आता कुठं फिरायला जायचं?" तर विलास म्हणाला, "आता कुठं जायचं? सगळा जिल्हा फिरलोय की." तेव्हा वनिता आतून बाहेर आली. तिने कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मला समुद्र बघायचाय," ती म्हणाली. "बघायचा म्हंजी बसून बघायचाय. पाय पाण्यात सोडून. आन् कुणी ऊठ म्हनू नये."

चैतालीने मग दोघांची अंदमानची सहल ठरवून टाकली. विमान, बोट, राहणं, सगळं. जाईबाईने अंदमान हे नाव ऐकलं आणि ती कपाळाला हात लावून बसली. "काळ्या पाण्याला धाडायलात? काय गुन्हा केलाय माज्या सुननं?" तिला समजावता समजावता चैतालीच्या नाकी नऊ आले.

विमानात मला मोठ्या बॅगेत कपड्यांखाली कोंबलं होतं. उतरल्याबरोबर विलासने आधी मला शोधलं आणि खिशात घातलं. मग बेटं सुरू झाली. एका बेटावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. विलासला ते फार आवडलं. समुद्र नव्हे हो. समुद्राकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. त्याला आवडले ते स्टॉप. बेट म्हणजे पाण्यातला स्टॉप, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. बोट वेळेवर सुटते का, चढायला रांग आहे का, उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात का, याच्यावर त्याचं लक्ष. अनोळखी माणसांना तो "आगे सरको, आगे जगा हय" म्हणत होता आणि लोक सरकतही होते.

वनिता वाळूत चप्पल काढायची. पाय भिजतात न भिजतात तोच कुठल्यातरी कठड्यावर मी वाजायचो. टक-टक. "चल, फुडची बोट भरायली." ती ओले पाय तसेच चपलेत घालायची आणि निघायची. एकदा नाही, प्रत्येक बेटावर हेच. एकदा ती म्हणाली, "आवं, जरा बसू द्या की." विलास म्हणाला, "फुडच्या बेटावर बस. तिथंबी हेच पानी हाय." मी खिशात खूश होतो. समुद्र एवढा मोठा, पण बाई अजून माझ्याच तालावर चालत होती.

मग ते लहान बेट आलं. तिथे राहायला कुणी नाही, हॉटेल नाही. बोटीने नेतात, थोडा वेळ फिरवतात आणि परत आणतात. त्या बोटीवर एक वयस्कर खलाशी होता. सगळे चढले की तो लोखंडी गज कठड्यावर दोनदा आपटायचा, आणि ते ऐकून खाली इंजिनवाला बोट सुरू करायचा. विलासने ते बघितलं आणि त्याला गहिवरूनच आलं. "हे तर आपलंच खातं हाय!" असं म्हणून त्याने मला बाहेर काढून खलाशाला दाखवलं. तो हसला आणि आपल्या कामाला लागला.

परतायची वेळ झाली. वनिता खडकांच्या पलीकडे एका आडव्या पडलेल्या झाडावर बसली होती. मी टक-टक केलं. ती उठली नाही. "तुमी व्हा फुडं, मी आलेच," म्हणाली. विलास तावातावाने निघाला, सगळ्यांच्या आधी बोटीवर चढला, कडेची चांगली जागा बघितली आणि शेजारच्या जागेवर वनितासाठी रुमाल टाकला.

आता इथे नीट लक्ष द्या, मित्रांनो. आमच्याकडे गाडीत जागा धरायची तर खिडकीतून रुमाल टाकतात. टाकला की संपलं. त्या जागेवर माणूस आहे असं धरून चालायचं. त्या रुमालांपायी लोकांनी एकमेकांच्या कॉलरी धरलेल्या मी बघितल्या आहेत, पण कंडक्टरने रुमालाला कधी रिकामी जागा म्हटलेलं बघितलं नाही. विलास माणसं मोजत नसे, जागा बघत असे. त्याने पुढून मागे नजर टाकली. सगळ्या जागा भरलेल्या. रुमालाचीही भरलेली. खलाशी मागच्या बाजूला दोरात गुंतला होता. विलासचा हात आपोआप खिशात गेला.

टक-टक.

इंजिन धडधडलं आणि बोट निघाली. खलाशाला वाटलं, बोटीच्या पुढच्या टोकाला असलेल्या आपल्या सोबत्याने इशारा दिला. मला विचाराल तर माझा काय दोष? मला हात नाहीत. मी वाजतो, वाजवणारा वेगळा.

बेट बरंच मागे पडलं. विलासने धपाट्यांची पुरचुंडी सोडली, एक धपाटं अर्धं मोडलं आणि शेजारी न बघताच पुढे केलं. "धर." रुमालाने धरलं नाही. "अगं धर की," तो पुन्हा म्हणाला आणि मग वळून बघितलं.

त्याच्यासारखा ओरडलेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. "रोको! पिछे लो! मेरी फॅमिली उधरच रह गई!" त्याने मला कठड्यावर एकदा आपटलं. पुन्हा एकदा आपटलं. बोट थांबली नाही. पाणी ओसरत होतं, मोठी बोट आता काठाला लागणार नव्हती. खलाशी म्हणाला, यांना पोचवतो, मग लहान होडी पाठवतो. माझा आवाज कुणी ऐकला नाही असं पहिल्यांदाच झालं. बोटीतली माणसं हसत होती. कुणीतरी त्या रुमालाचा फोटोसुद्धा काढला.

होडी घेऊन आम्ही परत गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वनिता त्याच झाडावर बसली होती, पाय पाण्यात. आमच्याकडे बघून ती उठली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. विलास गुडघाभर पाण्यात उतरून धावला. "रडू नगं, रडू नगं. आलो ना मी." तिने पदराने तोंड पुसलं आणि ती होडीत बसली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, बघ, आम्ही नसलो की काय हाल होतात तुझे.

नेकनूरला परत आल्यावर विलासला करायला काय होतं? सकाळी कुंडीतल्या मिरच्यांना पाणी घालायचं, कुठली गाडी उशिरा आली म्हणून स्टँडवर जाऊन कुणालातरी झापायचं, आणि मग स्टँडसमोरच्या सटवाच्या हॉटेलात कॅरम खेळायचा. त्यात आता ही गोष्ट मिळाली. हॉटेलात नवीन माणूस आला की विलास स्ट्रायकर बाजूला ठेवायचा आणि सुरू व्हायचा. "बायकू बेटावर सोडून आलतो मी!" गोष्टीत जिथे बोट सुटायची तिथे तो मला टेबलावर वाजवायचा. चहाचे कप नाचायचे आणि माणसं पोट धरून हसायची. शेवटी तो घसा खाकरून म्हणायचा, "पर मला बघितलं आन् अशी रडली, अशी रडली! मानूस जवळ हाय तवर किंमत नसती बघा."

त्याचा लहानपणचा दोस्त आश्रुबा मेंढरं राखतो. एकटा तोच हसत नसे. "कावून बे इलास," तो एकदा म्हणाला, "मी एवढी मेंढरं घेऊन बालाघाट पालथा घालतो. एक मागं ऱ्हायलं तरी माजा पाय उचलत न्हाई. तू एक बायकू नेलती, ती इसरला. आन् वर सांगत फिरायलास?"

"तुला काय कळतंय? रुमाल व्हता तिथं."

"मंग रुमालासंगट संसार कर की."

सगळे त्यालाही हसले. विलासने रागाने सोंगटी अशी मारली की ती बोर्डाबाहेर गेली. तो दोन दिवस आश्रुबाशी बोलला नाही, पण गोष्ट सांगायची सोडली नाही.

गोष्ट हॉटेलातून गावात गेली आणि गावातून विहारात. रविवारी वंदनेला गेलं की बायका वनिताला जागा करून द्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. शेजारची सावित्रीबाई तर सरळच म्हणाली, "वनिताबाई, रुमाल टाकून बसा बरं. न्हाईतर मागं ऱ्हाताल." मुलं तिला बेटावरची बाई म्हणायला लागली. तुम्ही मुलं काय कमी असता?

त्या दिवशी वनिता घरी आली आणि तिने विलासला समोर बसवलं.

"ते हॉटेलात सांगत जाऊ नका."

"कावून? हसत्यात लोकं. वाईट काय हाय त्यात?"

"त्या बेटावर मी बसलते. तुमी न्हाई. गोष्ट माजी हाय."

"तुजी कशी?" विलास खरोखरच चकित झाला होता. "बोट तर मी सोडली."

"बरं," वनिता म्हणाली. "पुन्यांदा माज्या म्होरं सांगितली, तर मी माजी सांगीन. मंग कान झाकायचे न्हाईत."

विलास हसला. मीही हसलो. तिच्याजवळ सांगायला होतंच काय? एक झाड आणि खारं पाणी.

मग चैतालीच्या मुलीचा, आरोहीचा वाढदिवस आला. चैताली, तिचा नवरा, सासू-सासरे असे सगळे नेकनूरला आले. जेवणं झाली, पाहुणे अंगणात खुर्च्यांवर बसले. चैतालीचे सासरे सहज म्हणाले, "अंदमानला गेलता म्हनं?" झालं. विलासने खुर्ची पुढे ओढली. आत भांड्यांचा आवाज थांबला, तो मला ऐकू आला. त्याला आला नाही. बोट भरली, रुमाल पडला, आणि त्याने मला खांबावर आपटलं. टक-टक. पाहुणे हसले. "आन् मला बघून अशी रडली पाव्हणं..."

वनिता ओल्या हातांनी बाहेर आली. तिने विलासच्या हातातून मला घेतलं, कट्ट्यावर ठेवलं, आणि पाहुण्यांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसली. व्याह्यांसमोर खुर्चीवर बसलेली तिला कुणी बघितली नव्हती. जाईबाईने सुपारी कातरायची थांबवली.

"मी सांगते," वनिता म्हणाली. "बोटीचा आवाज आला म्हनून मी वळून बघितलं. ह्यांचं डोकं दिसत व्हतं. मला वाटलं, मुद्दाम सोडलं मला."

"अगं, मुद्दाम कशाला..."

"थांबा. मला वाटलं, सोडलं. आन् मी म्हनलं, बरं झालं."

आरोही फुग्याशी खेळत होती. चैतालीने तिला जवळ ओढलं.

"पाय पान्यात व्हते. लहान लहान मासे येऊन बोटाला लागायचे. मला भ्या वाटंना. भूक लागंना. सैपाक काय करायचा, कोन कवा येनार, कायबी मनात येईना. लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा मला कुनी ऊठ म्हनलं न्हाई. वाटलं, हितंच मेले तरी चालंल, पर असंच बसून मेले पायजे." तिने पदराला हात पुसले. "आन् मंग ती होडी दिसली. होडीत हे उभे. तवा आलं मला रडू. तवर न्हाई आलं."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लोखंडाचं पाणी झालं. ती आम्हाला बघून रडली होती, हे खरंच होतं. आम्ही परत आलो म्हणून रडली होती.

जाईबाईच म्हणाली, "मंग होडीत बसलीस कशाला गं?"

"जानार कुठं आत्या? चारी बाजूंनी पानी व्हतं."

जाईबाईने मान हलवली. अडकित्ता तसाच हातात धरून तिने मुलाकडे बघितलं. आपल्या म्हाताऱ्या आईची ती नजर विलासला सहन झाली नाही. तो उठून मिरच्यांच्या कुंड्यांकडे जाऊन उभा राहिला. पाहुणे लवकर निघाले.

ते गेल्यावर वनिताने मला उचललं. आता चुलीत, नाहीतर विहिरीत, असं मी धरून चाललो होतो. तिने मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि वरून झाकण दाबलं. मी चावायला गेलो. तिचं बोट सापडलं नाही.

तेव्हापासून मी इथे आहे, वाकड्या खिळ्यांच्या आणि तुटक्या कडीकोयंड्यांच्या संगतीत. डबा खिडकीत आहे, त्याला भोक पडलंय, म्हणून थोडं दिसतं, बाकी ऐकू येतं. विलास हॉटेलात जातो, कॅरम खेळतो, ती गोष्ट मात्र सांगत नाही. एकदा खिळा शोधायला त्याने हा डबा उघडला आणि त्याचा हात माझ्यावर पडला. मला वाटलं, आला माझा दिवस. त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं, मला बाजूला सारलं आणि खिळा घेऊन गेला. त्याचा मला अजून राग आहे. राहील.

संध्याकाळी वनिता दारातल्या पायरीवर बसते. समोर समुद्र नाही, रस्ता आहे आणि पलीकडे तुरीचं रान. तरी बसते. विलास मागून येतो आणि उंबऱ्यात उभा राहतो. हा माणूस! याच्या एका आवाजावर अख्खी गाडी थांबायची. तो हळूच विचारतो, "वनिता, बसू का गं?"

"आज नगं," ती म्हणते, आणि तो आत जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, पुन्हा विचारतो. अजून तरी ती हो म्हणालेली नाही.

शेवटी काहीतरी बोध सांगायचा असतो. मला जपा, घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. लोखंड आहे, गंजेल. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जे एका हाकेसरशी हातातलं काम टाकून धावत येतं. आई असेल, आजी असेल. मला नका जपू, तिला जपा. आणि ती येते म्हणजे तिला यायचंच असतं, असं कधी धरून चालू नका.